कमलच्या हातावर पाहिलेली ठिणगी

ये वं रेखा, जवळ ये. पेपरची पुरवणी उघडून अशी दूर उभी राहू नकोस, माझा आवाज आता मोठा निघत नाही. तुझा बाप जाऊन दीड महिना झाला अन् तू पुण्याहून हललीसुद्धा नाहीस, याला काय म्हणावं? त्या सकाळी मीच फोन केला होता. "दामू गेला वं," म्हटलं. तू इतकंच विचारलंस, "आई जेवली का, आत्या?" अन् फोन ठेवून दिलास. तेव्हा मनातल्या मनात तुला खूप बोलले. आता लिहायला बसले तर... ते बोलणं नेमकं कोणाच्या वाट्याचं होतं, हेच कळेना.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. दामू माझा धाकटा भाऊ, रेखाचा बाप. खापरखेड्याला एका ठेकेदाराकडे फिटर होता, पण जीव सगळा तलावावरच्या डोंग्यात, त्या छोट्या होडीत. इतवारी बाजारातल्या भंगारातून त्यानं डोंग्याला लावायचं जुनं पेट्रोल इंजिन आणलं, दोर ओढून चालू करायचं, अन् घरी व्हरांड्यात लाकडी घोडीवर टांगलं. शिकवलं कोणीच नाही. चालू होईना तर आधी प्लग काढायचा, उजेडात धरायचा, पेट्रोलनं ओला आहे की काजळीनं काळा ते बघायचं, काचकागदानं घासायचा. मग चाकाखालचे, ठिणगी पाडणारे पॉइंट साफ करायचे. त्यांच्यातली फट तो लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा तुकडा घालून मोजायचा. "जाड पत्रिका पायजे," म्हणायचा, "पातळ पत्रिकेचं इंजिनही टिकत नाही अन् लग्नही." हसवायचा तो, खोटं काहून सांगू? स्वतःच्या लग्नाची जपून ठेवलेली पत्रिका त्यानं अशीच कातरून कातरून संपवली. तलावावरची माणसं आपापली इंजिनं खांद्यावर घेऊन त्याच्याकडे यायची. त्याच्या हाताखालून गेलेलं इंजिन पाण्यात मध्येच बंद पडलं, असं मी कधी ऐकलं नाही.

फट जमली की वायरीत ठिणगी येते का ते बघायचं. त्यासाठी तो आत हाक मारायचा, "कमल, हात आण." कमल म्हणजे रेखाची आई. हात पिठाचा असो की धुण्याचा, ती यायची, वायरीचं टोक बोटांत धरायची अन् दामू दोर ओढायचा. तिचा हात खांद्यापर्यंत उडायचा. "लागला?" "लागला." "वायर ठीक हाय गा, घेऊन जा," तो समोरच्या माणसाला सांगायचा, अन् व्हरांडाभर हसू. मीही हसले आहे. चहाचा कप घेऊन तिथल्या खुर्चीत बसून हसले आहे. एकदा तर मीच म्हटलं, "कमल, तू हायेस म्हणून त्याले मीटर घ्यावं लागत नाही." ते वाक्य मग दामू वर्षानुवर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत राहिला, माझं नाव सांगून.

रेखा, तू बारा वर्षांची असशील. कमल तापानं पडली होती, म्हणून त्यानं तुला बोलावलं. तू वायर धरलीस, फेकलीस, पण रडली नाहीस. बापाकडे बघितलंच नाहीस, माझ्याकडे बघितलंस. अन् मी म्हटलं, "एवढ्यानं काय होते वं?" दहावी झाल्यावर तू होस्टेलला गेलीस, ती गेलीसच...

मागच्या वर्षी दामूचं उजवं अंग गेलं. हाताला काही लागलेलं कळत नव्हतं. जायच्या चार दिवस आधी मी भेटायला गेले, तर त्यानं खाट इंजिनाजवळ आणवली होती. जीभ जड. "कमल... वायर दे. हातात काही राह्यलं का पाहू." मी म्हटलं, "काहून असं करून राहिला गा?" त्यानं ऐकलं नाही. कमलनं प्लग काढला, वायरीचं टोक त्याच्या उजव्या बोटांत अडकवलं अन् दोर ओढला. बोटं उडाली. चेहरा तसाच. "ठिणगीच नाही," दामू म्हणाला. "हाय," कमल म्हणाली, "बोटं उडाली तुमची." "खोटी बोलते." तिनं पुन्हा ओढला. पुन्हा बोटं उडाली, अन् या वेळी त्यानं ती उडताना बघितली. मग भिंतीकडे तोंड केलं, त्याचे खांदे हलायला लागले. तिसऱ्यांदा ओढ म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. कमलनं ओढला. मी दोन हातांवर होते. मी तिला थांबवलं नाही.

तो गेल्यावर पंधरा दिवसांनी मी घरी गेले, तर तलावावरचा एक माणूस इंजिन घेऊन आलेला अन् कमल त्या इंजिनाशी झटत बसलेली. प्लग घासून झाला होता. तिनं तो वायरीच्या टोपीत बसवला, दुसऱ्या उघड्या तारेनं इंजिनाच्या लोखंडाला आवळून बांधला, हात बाजूला घेतले, पदराची सावली केली अन् दोर ओढला. टिक करून निळी ठिणगी दिसली. कोणाचा हात नाही, काही नाही. "हे कधी शिकलीस?" मी विचारलं. "ह्यांचं पाहून, पहिल्याच वर्षी. घरी कोणी नसलं की ते असंच पाहत." "मग तुझा हात काहून?" कमलनं दोर नीट गुंडाळून ठेवला. "लोक असले की. तुम्हीही असत होत्या ना, ताई."

मी चहा न घेता निघाले. फाटकापर्यंत ती सोडायला आली अन् म्हणाली, "रेखा आली तर तिले दाखवीन, हात न लावता कसं पाहायचं ते." बस, इतकंच. ये म्हण, असंही नाही म्हणाली. म्हणून मी म्हणते. इंजिन अजून घोडीवर तसंच आहे, अन् माझी खुर्चीही तिथंच आहे. तू येशील त्या दिवशी मी तीत बसणार नाही, घरीच राहीन. तू फाटकापाशी उभी राहा, आत यायची घाई नको, दोर तुझी आई ओढेल. तिचे गुडघे आता फार वेळ बसू देत नाहीत... लवकर ये वं पोरी, येऊन बघून जा.