पराते मॅडमचा ड्रॉइंग हॉल

मेसेज आला तेव्हा मी तिसऱ्या वर्षाच्या मुलांची तोंडी परीक्षा घेत होतो. कॉलेजच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑफिसने टाकलं होतं, ‘आपल्या संस्थेच्या तासिका तत्त्वावरील माजी शिक्षिका (अतांत्रिक) श्रीमती मंदा पराते यांचे आज सकाळी निधन झाले.’ त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेतच कुणीतरी विचारलं होतं, अंतर्गत गुण भरायची तारीख वाढली का? त्यालाही चुकून दोघांनी हात जोडून पाठवले होते. समोरचा मुलगा गियरचे प्रकार घडाघडा सांगत होता. मी त्याला म्हणालो, “एक काढून दाखव.” तो गोंधळला आणि म्हणाला, “सर, लॅपटॉप आणू?”

या गोष्टीला आता दोन महिने होत आले. मंदाताई गेल्या म्हणून लिहितो आहे, पण त्या असताना जे लिहायला, बोलायला हवं होतं ते मी केलं नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मी नागपूरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलचा विभागप्रमुख आहे. चौदा वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायला कुणी मिळेना. आमच्या विभागातल्या एकालाही ते काम नको होतं, साठ पोरांच्या शीट तपासायच्या आणि त्यातून शोधनिबंध काही निघत नाही... तेव्हा त्या आल्या. माहेर नागपूरजवळच्या खाप्याचं. घरी वडिलांचा हातमाग. लुगड्याच्या काठाची नक्षी चौकटीच्या कागदावर उतरवायचं काम लहानपणापासून त्यांच्याकडे होतं, आणि एक चौकट चुकली की मागावरचा कोणता धागा कुठे अडकेल हे त्या कागदावर बोट ठेवून सांगत. आधी भौतिकशास्त्राची पदवी, मग चित्रकलेची. मुलाखतीत आमच्या प्राचार्यांनी विचारलं होतं, “म्हणजे तुम्ही नक्की कोण? सायन्सच्या की आर्ट्सच्या?” त्या म्हणाल्या, “माग चालवणारा माणूस कोण असते, सर?” प्राचार्य हसले. त्यांना तो विनोद वाटला असावा.

पहिल्याच तासाला त्यांनी मुलांना घरचा कूलर काढायला सांगितला. आठवून, न बघता. त्यात पाणी कुठून कुठे जातं आणि हवा कुठून कुठे जाते, हे बाणांनी दाखवायचं. मी मागच्या बाकावर त्यांचं शिकवणं तपासायला बसलो होतो, तर माझ्याही पुढे त्यांनी कागद ठेवला. नागपूरचा माणूस जन्मापासून कूलरपुढे झोपतो. माझी तर पीएच.डी.च उष्णतेच्या वहनावर. मी काढलेल्या चित्रात पाणी थेट पंख्यावर पडत होतं. साठ मुलांपैकी बहुतेकांनी पाणी झिरपणाऱ्या बाजूच्या ताट्या काढल्याच नव्हत्या. काहींनी हवा खोलीतून बाहेर नेली होती. मंदाताईंनी माझा कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि हळूच म्हणाल्या, “सर, तुमच्या कूलरनं तर शॉकच लागन.” मला राग आला होता, तो घरी जाईपर्यंत टिकला. घरी गेल्यावर मी कूलरची मागची ताटी काढून जमिनीवर बसलो. बायको विचारत होती, “काहून काढला? चांगला तर चालून राहिला.” चांगला चालत होता म्हणूनच मी तो आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

लोक म्हणतात, विज्ञानाच्या मुलांना थोडी कला शिकवा, म्हणजे मन हळवं होतं, ताण कमी होतो. मंदाताईंना हे वाक्य ऐकलं की उठून जावंसं वाटायचं. “मी काय यांचं मन बहलवायले आली?” असं त्या स्टाफरूममध्ये एकदा जोरात म्हणाल्या होत्या. चित्र काढणं म्हणजे त्यांच्या लेखी तपासणं होतं. हाताने काढायला घेतलं की जे माहीत नाही ते लपत नाही, रेघ तिथेच अडते. सूत्र पाठ करून लपवता येतं. स्क्रीनवरचा तयार भाग उचलून लपवता येतं. हे मी आता किती सहज लिहितो आहे... तेव्हा कुणी विचारलं असतं तर मीही ताण कमी होण्याचंच बोललो असतो.

काटोलची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. शेवटच्या वर्षाच्या पाच मुलांनी माझ्या मार्गदर्शनाखाली संत्री निवडायचं यंत्र बनवलं होतं. आकारानुसार फळं वेगळी करायचं, दिसायला एकदम चकाचक. काटोलच्या एका व्यापाऱ्याने ते दोन दिवस चालवून पाहिलं आणि परत केलं. म्हणाला, “साहेब, तुमची मशीन पोकळ माल पेटीत भरून राहिली. दिल्लीले पोचता पोचता सडते तो.” मुलं निराश झाली. मी सेन्सर बदलायच्या गोष्टी करू लागलो. मंदाताई म्हणाल्या, “दोन दिवस मले द्या.” बसने मुलांना काटोलला घेऊन गेल्या, मोबाइल एका पिशवीत गोळा केले आणि फळं निवडणाऱ्या बायांच्या समोर जमिनीवर बसवलं. काम एकच, त्यांचे हात काढायचे. पहिल्या दिवशी मुलांनी मला फोन करण्यासाठी तिथल्या हमालाचा मोबाइल मागून घेतला होता, “सर, हे काय चालू आहे, आम्ही इंजिनिअर आहोत.” दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्यातल्या पल्लवीने स्वतःचीच अकरा चित्रं ओळीने मांडली. प्रत्येक चित्रात बाईचा अंगठा फळाच्या देठाकडे होता आणि फळ तळहातात एकदा फिरलेलं होतं. तिने विचारलं, “मावशी, तुम्ही फळाकडे पाहतच नाही?” ती बाई म्हणाली, “पाहाले काय लागते वं, हाताले समजते. साल सुटलेली असली का दबते थोडी.”

यंत्र बदललं. फळ एकदा सावकाश फिरवणारे कापडाचे दोन रूळ आले, देठाकडे हलकेच दाबणारा एक दांडा आला. त्या वर्षी राज्यपातळीवरच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. मंचावर मी गेलो. निवेदिकेने ‘प्रकल्पाचे मार्गदर्शक’ म्हणून माझं नाव घेतलं, माइक माझ्या हातात दिला, आणि मी संस्थेचे, प्राचार्यांचे, माझ्या विभागाचे आभार मानले. मंदाताईंचं नाव घेतलं नाही. विसरलो असं म्हणण्याची सोय मला नाही, कारण नाव ओठांपर्यंत आलेलं मला आठवतं. वाटलं, हात काढून यंत्र सुधारलं असं सांगितलं तर परीक्षक हसतील. खाली उतरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, “फोटो चांगला आला असन तुमचा.” पल्लवी त्यानंतर कित्येक दिवस माझ्याशी नीट बोलली नाही.

पुढे तपासणी समिती येणार होती. ड्रॉइंग संगणकावर आलं होतं आणि माझ्या विभागाला नवी संगणक प्रयोगशाळा हवी होती. जागा एकच होती, ड्रॉइंग हॉल. उत्तरेकडच्या उंच खिडक्या, लाकडी बोर्ड, भिंतीवर मुलांनी काढलेले पंप, कुलपं, शिलाई मशीनचे पाय, झाडाच्या फांद्या. बैठकीत प्राचार्यांनी मला विचारलं, “विभागप्रमुख म्हणून तुमचं मत? हाताच्या ड्रॉइंगची आवश्यकता आहे का?” मी म्हणालो, “तशी तांत्रिक गरज नाही.” चार शब्द. त्यांच्यावर मंदाताईंची अकरा वर्षं बंद झाली. त्या बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या, कारण तासिका तत्त्वावरच्या माणसाला बैठकीत बसता येत नाही. मी बाहेर आलो तेव्हा त्या उठल्या.

“काय झालं, सर?”

“निर्णय वरूनच झालेला होता, ताई. आमच्या हातात काही नव्हतं.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. कूलरच्या चित्राकडे पाहिलं होतं तसं, सावकाश. “दार उघडं होतं ना, सर. तुमचा आवाज बाहेर येऊन राहिला होता.”

मग पिशवी उचलून त्या जिन्याने खाली गेल्या. बोर्ड भंगारात गेले. भिंतीवरची चित्रं रंगाऱ्याने खाली काढली की त्यांच्यावरूनच रंग मारला, हे मला आजही माहीत नाही. मी पाहायला गेलो नाही.

त्यानंतर त्या जरीपटका भागातल्या आपल्या घरी शाळकरी मुलांचे वर्ग घेत. दोनेक वर्षांत वारं फिरलं. शिक्षणात कला आणि तंत्रज्ञान एकत्र आणा, असं सगळीकडे बोललं जाऊ लागलं, आणि आमच्या संस्थेने त्याच हॉलमध्ये ‘डिझाइन केंद्र’ उघडलं. संगणक दुसऱ्या खोलीत हलवले, रंगीत खुर्च्या आल्या. बंगळुरूहून एक तरुण पाहुणा आला होता. तो इंग्रजीत म्हणाला, काही बनवण्याआधी ते हाताने काढून पाहा, आणि सगळ्या सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मंदाताईंना मीच आग्रहाने बोलावलं होतं... कशासाठी, ते मला सांगता येणार नाही. बहुधा त्या आल्या तर सगळं मिटलं असं मला वाटलं असतं. त्या शेवटच्या रांगेत बसल्या आणि त्यांनीही टाळ्या वाजवल्या. बाहेर चहा घेताना म्हणाल्या, “चांगलं बोलला गा पोरगा. खरं बोलला.”

“तुम्हाला राग नाही आला, ताई?”

“आला ना. येऊनच राहिला. दिसत नाही काय तुम्हाले?” कप ठेवून त्या पुढे म्हणाल्या, “पण राग त्याच्यावर कशाले काढू? त्याले तर माहीतच नाही आधी इथं काय होतं. तुम्हाले माहीत होतं.”

 तीच शेवटची भेट ठरली. गेल्या वर्षी त्यांच्या किडन्या निकामी झाल्याचं कळलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झाल्याचंही कळलं. जाऊ म्हणता म्हणता परीक्षा आल्या, प्रवेश आले, पुन्हा परीक्षा आल्या. शोकसभा मात्र वेळेवर झाली. ‘कला आणि तंत्रज्ञान यांना जोडणारा सेतू हरपला’, असं प्राचार्य म्हणाले. ते त्याच हॉलमध्ये, रंगीत खुर्चीत बसून म्हणाले. मीही दोन शब्द बोललो. त्यातही बैठकीचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर आठवडाभराने त्यांचे यजमान, वीज मंडळातून निवृत्त झालेले दिवाकरराव, माझ्या केबिनमध्ये आले. कापडी पिशवीत सव्वीस वह्या होत्या. “तिनं सांगून ठेवलं होतं, कॉलेजच्या लायब्ररीत द्या म्हणून. मी म्हटलं, काहून त्यांनाच? तर म्हणे, पोरं तर तिथंच आहेत ना.” ते पाणीही न पिता गेले. मी वह्या घेऊन ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालाने संगणकावर नोंद उघडली आणि विचारलं, “सर, शाखा कोणती टाकू? मेकॅनिकल, सिव्हिल, संगणक, यातलीच एक लागते.” मी मेकॅनिकल टाकायला सांगितलं. “आणि लेखिकेचं पद?” मी म्हणालो, प्राध्यापक. त्याने कीबोर्डवरून हात काढले. “त्याले ऑफिसचं पत्र लागते, सर. रेकॉर्डमध्ये त्या प्राध्यापक नाहीत.”

मी प्राचार्यांना अर्ज दिला. त्यात या वेळी सगळं लिहिलं, काटोलचं बक्षीस, ती बैठक, माझे चार शब्द. सही केली. पाच आठवडे झाले, उत्तर नाही. परवा विचारलं तर कारकून म्हणाला, “साहेब म्हणतात, जुनं काहून उकरून राहिले सर?”

वह्या सध्या माझ्या टेबलावर आहेत. शेवटच्या वहीत सगळी डायलिसिसच्या खोलीतली चित्रं आहेत, झोपून काढलेली, रेघ जागोजाग थरथरलेली. यंत्राचा पंप आहे, नळ्यांची वळणं आहेत, प्रत्येक नळीतलं रक्त कुठून कुठे जातं याचे बाण आहेत. अगदी शेवटच्या पानावर छताचा पंखा आहे, खालून पाहिलेला. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘बेअरिंग गेलं आहे. तीनदा सांगितलं.’