पक्कडबाईंची लेक

मुलींनी टोपणनाव दिल्याशिवाय आमच्या शाळेत शिक्षकाची नोकरी पक्की झाली असं आम्ही धरत नाही. मी इतिहास शिकवते, म्हणून मी सनावळी. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, मुली काय म्हणतात ते मला माहीत आहे. पण मला अजून काही वर्षं नोकरी करायची आहे, तेव्हा ते राहू दे. आणि विज्ञानाच्या बाई, ज्यांच्या पर्समध्ये कंगवा सापडेलच असं नाही पण पक्कड हटकून सापडते, त्या पक्कडबाई. आमची मैत्री जुनी. त्यामुळे इथून पुढे मी तिला एकेरीच म्हणणार आहे.

आमची शाळा मुलींची. आम्हा दोघींच्या वाट्याला पाचवी ते आठवीचे वर्ग, म्हणजे ज्या वयात पोरी धड लहान नसतात नि धड मोठ्याही नसतात, ते सगळं वादळ. प्रवेशाच्या दिवसांत पालक येतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो कुंपणाच्या भिंतीचा. भिंत केवढी, फाटकावर माणूस असतो का. "मुलगे नाहीत ना, मग आमच्या डोक्याला ताप नाही," एक वडील हसत म्हणाले होते. माझं डोकं तिथेच फिरतं. शाळा म्हणजे काय बँकेचं लॉकर आहे, पोर ठेवली नि किल्ली खिशात टाकून निघाले?

पक्कडबाई आधी मुलामुलींच्या एकत्र शाळेत शिकवायची. आमच्याकडे आली त्या पहिल्या दिवशी प्रयोगशाळेतलं लोखंडी कपाट खिडकीपासून हलवायचं होतं. ती सवयीनं म्हणून गेली, "चला, चार दणकट मुलगे पुढे या." सातवीचा अख्खा वर्ग दाराकडे बघायला लागला. कोण येतंय म्हणून. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि आठ-दहा पोरी उठून कपाटाला भिडल्या. एकजण हुकूम सोडत होती, एकीचा पाय चेंगरला, दोघी नुसत्याच ओरडत होत्या. कपाट हललं. फरशीवर हा एवढा ओरखडाही उठला. पक्कडबाई मला नंतर म्हणाली, "अगं, मी इतकी वर्षं मुलींना बाकावर बसवून ठेवलं. एकदासुद्धा मनात आलं नाही की यांना उचलता येत असेल."

मुलींच्या शाळेत या वयाच्या पोरींना काय आवडतं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगते. इथे मुलगे नसतात हे खरं, पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे सगळी कामं मुलींच्याच गळ्यात पडतात. पडदा ओढायला, फ्यूज बदलायला, गोलकीपर व्हायला, आगाऊपणा करून वर्गाबाहेर उभं राहायला, सगळ्याला त्याच. पायऱ्यांवर कशाही फतकल मारून बसतात. पाळी आली तर भर वर्गात "बाई, पॅड हवंय" म्हणून मोकळ्या होतात. म्हणजे सगळं गोडगोड असतं असं मात्र समजू नका. कुणाला तसं वाटत असेल तर त्यांनी मधल्या सुट्टीत येऊन बघावं. कुणाचा कुणाशी अबोला, कोण कुणाच्या शेजारी डबा खायला बसणार नाही, यावरून इथे जी राजकारणं चालतात ती मी इतिहासाच्या पुस्तकातही वाचलेली नाहीत.

तर अशा या पक्कडबाईची स्वतःची मुलगी मात्र घराजवळच्या एकत्र शाळेत. दिव्याखाली अंधार म्हणा. घरापासून दोन गल्ल्यांवर शाळा, वडिलांचं औषधाचं दुकान वाटेत, सगळं सोयीचं. आणि पोरगी तिथे मजेत होती. पाचवीपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा बंद व्हायचा नाही. सुट्टीत आईबरोबर शिक्षकांच्या खोलीत आली की आमच्या चहाच्या किटलीला दोन झाकणं का नाहीत इथपासून सुरुवात.

सहावीत तिनं वर्गात एका प्रश्नाचं उत्तर दिलं. वटवाघूळ हा पक्षी आहे, असं. ठासून दिलं. वर्ग हसला, इथवर ठीकच होतं. पण मागच्या बाकावरच्या मुलांनी दुसऱ्या दिवसापासून तिला वटवाघूळ म्हणायला सुरुवात केली. ती आली की हात पसरून फडफडवायचे. मुलीही हसायच्या, हेही सांगायला हवं. तिथल्या सरांनी मुलांना एकदा दटावलं नि विषय संपवला. ती मुलं काही राक्षस नव्हती हो, बारा वर्षांची पोरंच. पण पोरीनं हात वर करणं सोडलं. आधी वर्गात, मग घरीसुद्धा. जेवताना बापानं काही विचारलं तर आधी आईकडे बघायची, आपण बोलू ते बरोबर आहे ना अशा नजरेनं.

"हुशार झाली, शांत झाली," असं नातेवाईक म्हणायचे. पक्कडबाईचा जीव तीळतीळ तुटायचा. ती मला म्हणायची, "प्रगतिपुस्तकात शिस्तीचा चांगला शेरा आहे. हाताची घडी, तोंडावर बोट. पण ही माझी पोरगी नाही गं. माझी पोरगी कुठेतरी राहिली." तिला लेकीला आमच्या शाळेत आणायचं होतं. लेक म्हणे, "नको. तिथे तू आहेस." नवरा भला माणूस, तो म्हणायचा, "तिची ती ठरवेल, ओढून आणून काय होणार?" तेही चूक नव्हतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, एवढंच.

मग एक दिवस लेकीच्या शाळेतली पाण्याची पाइपलाइन फुटली आणि शाळेला सुट्टी मिळाली. दुकानात बसवण्यापेक्षा म्हणून पक्कडबाईनं तिला बरोबर आणलं. मुलगी प्रयोगशाळेच्या शेवटच्या टेबलापाशी पुस्तक उघडून बसली. मीही तिथेच होते, कारण आमच्या शाळेतली नीट चालणारी किटली प्रयोगशाळेत असते आणि माझा तास मोकळा होता.

पक्कडबाईची सातवीसाठी एक पद्धत आहे. प्रयोगशाळेत एक बंद वस्तूंचं कपाट आहे. मुलींनी घरातली बिघडलेली वस्तू आणायची, वर्गानं ती खोलायची नि चालू करायची. बाहेरून मेकॅनिक बोलवायचा नाही आणि बाईंनी उत्तर सांगायचं नाही. वस्तू परत मिळेलच याची खात्री नाही, हे घरी आधीच कळवलेलं असतं. मोठ्या बाईंचं गजराचं घड्याळ या कपाटात गेलं ते गेलंच. त्या दिवशी टेबलफॅन होता. बटण दाबलं की घूं घूं करायचा, पण पातं जागचं हलायचं नाही.

पाच-सहा जणी फॅनभोवती गोळा झाल्या. त्यांची म्होरकी म्हणजे जिला सगळ्या भोंगा म्हणतात ती. तिला हळू बोलताच येत नाही. तिनं मान वळवून पाहिलं.

"ए पाहुणी, नुसती बसलीयेस काय? ये, ही जाळी धर."

पोरगी उठली. जाळी धरली. बराच वेळ धरूनच राहिली. मग काहीतरी पुटपुटली.

"काय?" भोंगा म्हणाली. "मोठ्यानं बोल गं. इथे ओरडल्याशिवाय कुणाला काही ऐकू येत नाही."

"वायर तुटली असणार!" पोरगी खरोखरच ओरडली.

"अगं बावळट, वायर तुटली असती तर घूं घूं कुणी केलं असतं? तू?"

सगळ्या खो खो हसल्या. पक्कडबाई फळ्याकडून एक पाऊल पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी तिचं मनगट धरलं. "थांब," म्हटलं. का म्हटलं ते मलाही सांगता येणार नाही. मी काही कुणी मानसशास्त्रज्ञ नाही. मला फक्त एवढं दिसत होतं की आई मध्ये पडली तर पोरीला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

पोरगी लालबुंद होऊन उभी होती. पण कुणी तिच्याकडे बघतच नव्हतं. भोंगा प्लग काढून पुन्हा फॅनवर वाकली होती आणि खालूनच म्हणाली, "बरं, वायर नाही. मग काय? सांग ना."

"मग... पातं वाकलं असेल."

"काढून बघितलं की मघाशी. सरळ आहे."

"मग मोटार जळली."

"वास आला का जळका?"

"नाही."

"मग?"

एव्हाना तिच्या शेजारची एक म्हणाली की घर्षण वाढलंय म्हणजे भिजवलं पाहिजे, आणि तिलाही सगळ्या हसल्या. भोंगानं स्वतः तर असं काही निदान केलं की मी चहाचा कप खाली ठेवला, नाहीतर ठसका लागला असता. शेवटी एका चष्मेवाल्या मुलीनं, जी सगळा तास एक अक्षर बोलली नव्हती, पक्कड मागून घेतली आणि पात्यामागच्या दांडीवरून केसांचा एक काळा गुंता उपसून काढला. कुणाच्या तरी आईचे, आजीचे, बहिणींचे, वर्षानुवर्षांचे केस दांडीला गुंडाळून बसले होते. दोन थेंब तेल घातलं नि फॅन भर्रकन फिरला.

पक्कडबाईची लेक त्या तासात एकदाही बरोबर नव्हती. गोष्टींत असतं तसं तिनं अचूक निदान केलं नाही, टाळ्याही मिळवल्या नाहीत. ती सारखी चुकत होती, आणि चुकल्यावर लगेच पुढचं बोलत होती. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा तिच्या हाताला काळं तेल लागलं होतं आणि ती भोंगाला सांगत होती की केस काढल्यामुळे नव्हे तर तेलामुळेच फॅन चालला. हेही चूकच.

त्या दिवशी बसमध्ये ती आईशी त्या तासाबद्दल काही बोलली नाही. त्यानंतरही कितीतरी दिवस नाही. पक्कडबाईनं विचारलं नाही. कसं राहवलं कुणास ठाऊक. मग वार्षिक परीक्षा झाल्यावर पोरीनं आपणहून सांगितलं, "सातवीला मी तुझ्या शाळेत येते. पण तू मला शिकवायचं नाहीस. आणि शाळेत मी तुझी कुणी नाही."

सातवीच्या आमच्याकडे दोन तुकड्या, आणि दोन्ही कायम पक्कडबाईच्या. ते तिचं राज्य. तिनं मुकाट्यानं एक तुकडी नव्या विज्ञानशिक्षिकेला दिली, बंद वस्तूंच्या कपाटातला अर्धा हिस्साही दिला. मला म्हणाली, "लोकांच्या इतक्या पोरींना शिकवलं, नि हिला शिकवायचं नाही. हिला शिकवायची मी केवढी वाट बघितली होती." बोलताना हसली, पण मला ते हसू बघवलं नाही.

मी पोरीच्या तुकडीला इतिहास शिकवते. पहिले काही आठवडे ती वर्गात गप्पच होती. डबा आता आठवीत गेलेल्या भोंगाच्या कंपूत बसून खायची, मैदानावर पळायची, पण वर्गात तोंडाला कुलूप. रोज तास संपवून मी शिक्षकांच्या खोलीत आले की पक्कडबाई वह्यांवरून मान वर करायची. विचारायची काहीच नाही. मी नकारार्थी मान हलवायचे आणि ती पुन्हा वह्यांत. मला त्या खोलीत जायची धास्ती वाटायला लागली होती. शाळा बदलूनही काही झालं नाही तर या बाईकडे दुसरं काय उरणार होतं?

मग एका सकाळी मी विचारलं, "राजे लोक किल्ले डोंगरावर का बांधत असत?" सोपा प्रश्न. शेवटून दुसऱ्या बाकावरून एक हात वर आला. तिचाच. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हटलं, "बोल."

"वर हवा चांगली असते म्हणून."

वर्ग खदखदून हसला. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मनात आलं, गोंजारून घ्यावं, म्हणावं की अगदीच काही चूक नाही. पण पोरींना असली दया लगेच कळते.

"चूक," मी म्हटलं. "साफ चूक. बस खाली."

ती बसली नाही. "पण बाई, राजाला उकडत नसेल का?"

"शत्रू आल्यावर राजाला उकडण्याची काळजी नसते."

"शत्रू काय रोज येतो? उकडतं रोज!"

मला तिला बसायला आणखी दोनदा सांगावं लागलं. तास संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत गेले. पक्कडबाई एकटीच होती. तिनं मान वर केली.

"राजे डोंगरावर किल्ले का बांधायचे, माहीत आहे?" मी विचारलं. "चांगल्या हवेसाठी."

"कोण म्हणालं असं?"

"शाळेत जी तुझी कुणी नाही, ती," मी म्हटलं. तिच्या हातातलं पेन टेबलावर पडलं.

"सगळ्यांसमोर?"

"सगळ्यांसमोर. पोरी हसल्या."

"मग?"

"मग काय? भांडली माझ्याशी."

"तू चूक म्हणालीस ना तिला?"

"साफ चूक म्हणाले."

"बरं केलंस," पक्कडबाई म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पक्कडबाईनं घाईघाईनं चेहरा पुसून वही पुढे ओढली. दारात तिची लेक उभी होती, पळत आल्यासारखी धापा टाकत. तिनं आईकडे पाहिलं, आईच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. क्षणभर वाटलं, आता ही "आई" म्हणेल.

"बाई, इतिहासाच्या बाईंशी बोलायचंय," ती म्हणाली. "आत येऊ का?"

"ये की," पक्कडबाई वहीतून मान वर न करता म्हणाली.

पोरगी थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला अजून पटलेलं नाही."