चांगल्या घरी दिलेली गाडी

नवरा गेल्यावर वर्षभर गाडी अंगणात उभी होती आणि मला गाडी चालवता येत नाही. एवढ्यात खरं तर सगळं आलं. पण देसाईगंजला आमच्या गल्लीतून जाणारा प्रत्येक माणूस फाटकाशी थांबून मला सल्ला देऊन जाई. बॅटरी उतरेल, टायर बसतील, उंदीर वायरी खातील. उंदरांनी वायरी खाल्ल्याही. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. बाजारातून येऊन फाटक उघडलं की आधी गाडी दिसायची आणि क्षणभर वाटायचं, हे घरी आहेत. त्या एका क्षणासाठी मी ती गाडी ठेवली होती आणि शेवटी त्याच क्षणापायी विकायला काढली. रोज तोच आनंद आणि रोज तोच फटका, माणसाने किती सोसायचा.

गाडी घेतली होती ती माझ्यासाठी. माझी शाळा जंगलातल्या एका खेड्यात. मी मोपेडवर जायची. एका उन्हाळ्यात त्या रस्त्यावर वाघ दिसू लागला आणि मोहफुलं वेचायला गेलेल्या एका बाईला त्याने नेलं. आमच्या ह्यांची सारी नोकरी वनखात्यात, आलापल्लीच्या सागवनात गेलेली. वाघ माणसाच्या वाट्याला जात नाही, माणूसच त्याच्या वाट्याला जातो, हे त्यांचं भाषण मला पाठ होतं. त्या संध्याकाळी मात्र घरी आले, चप्पलही काढली नाही आणि म्हणाले, "उद्यापासून तू मोपेडनं जायाचं नाई."

नुकतेच निवृत्त झाले होते. फंडातले पैसे काढले, पांढरी लहानशी गाडी घेतली आणि त्या वयात चालवायला शिकले. चालवायचे कसे, तर बैलांच्या रेंगीत नवरी बसली असावी तसे. सायकलवाले आम्हाला मागे टाकून जात. माकडं रस्त्यावर बसलेली असली की हे गाडी थांबवून त्यांची सभा संपायची वाट बघत. मोपेडवर मी प्रार्थनेच्या आधी पोचायची, गाडीने हजेरी संपता संपता. मुख्याध्यापक चिडत, मी ह्यांच्यावर चिडे. हे हसत. सारा गाव मला 'बाई' म्हणायचा, म्हणून हेही चारचौघांत बाईच म्हणायचे. "बाई जिवंत पोचल्या, भाऊ, हजेरी मांडा," असं एकदा त्यांनी मुख्याध्यापकांनाच सुनावलं. हिवाळ्यात नाटकांचे दिवस आले की मागच्या सीटवर गल्लीतल्या बायका, घोंगड्या आणि चिवड्याचे डबे कोंबून हे खेडोपाडी झाडीपट्टीची नाटकं बघायला निघायचे. त्या गाडीत मी कधी एकटी अशी बसलेच नाही.

मुलगी पुण्यात असते. तिने मोबाईलवरून गाडीची जाहिरात टाकली आणि माझा फोन शाळेच्या घंटेसारखा वाजायला लागला. पहिला फोन नागपूरच्या एका कंपनीचा. घरबसल्या गाडी विका, भाव एवढा. भाव इतका चांगला होता की मी दोनदा विचारून घेतला. मग त्यांचा माणूस आला. त्याने हातातलं एक यंत्र गाडीच्या अंगाला जागोजागी लावलं, जसा डॉक्टर छातीला नळी लावतो, आणि तोंड वाकडं केलं. गोठ्याच्या खांबाला दार घासलं होतं तिथे आम्ही रंग लावून घेतला होता. त्यावरून त्याने गाडीला 'ॲक्सिडेंटल' ठरवलं. माकडांसाठी थांबणाऱ्या माणसाची गाडी ॲक्सिडेंटल. फोनवरचा भाव निम्म्यावर आला, आणि तोही म्हणे आज संध्याकाळपर्यंतच. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत वांग्यांचा भाव उतरतो, मी काही वांगी विकत नाही. दुसऱ्या एका शोरूमने गाडीला पहिल्यापेक्षाही जास्त भाव सांगितला. मी हरखून गेले. तासभर बसवून घेतल्यावर कळलं की तो भाव नवी गाडी घेतली तरच. मला चालवता येत नाही म्हटलं तर ती मुलगी म्हणाली, ऑटोमॅटिक घ्या ना मॅडम.

तिसरा माणूस चंद्रपूरहून आला. जुन्या गाड्या घेणं-विकणं हा त्याचा धंदा. चाळिशीचा असेल. त्याने दारात चपला काढल्या, गाडीकडे बघितलंच नाही, सरळ भिंतीवरच्या फोटोपुढे उभा राहिला आणि हात जोडले. मी चहा टाकला. त्याच्याजवळ ते यंत्र-बिंत्र नव्हतं. तो नुसता ऐकत होता आणि वर्षभरात माझं एवढं कोणी ऐकलं नव्हतं. मोपेड सांगितली, वाघ सांगितला, ह्यांचं हळू चालवणं सांगितलं, त्या संध्याकाळी हे काय म्हणाले तेही सांगितलं. सांगता सांगता पोहेही केले.

आता माझी चूक झाली ती इथे. माझे वडील धानाची शेती करायचे. बैल विकायची वेळ आली की ते भाव नंतर काढत. आधी घेणाऱ्याचं गाव विचारत, घरात कोण कोण आहे विचारत, वैरण कोण टाकतं, पाणी कोण दाखवतं ते विचारत. खाटकाचा दलाल दुप्पट पैसे घेऊन आला तरी त्याला ओट्यावर बसू देत नसत. दिलं तर चांगल्या घरी द्यायचं, लेक असो की बैल. मी तेच बघत वाढले. त्यामुळे त्या माणसाला मी भाव विचारलाच नाही. मी विचारलं, गाडी कोणाच्या घरी जाईल?

त्याने पोह्यांची बशी खाली ठेवली. मग म्हणाला, "तुमच्या मनासारखं घर पाहून देतो, मावशी. मले थोडा टाइम द्या."

दोनच दिवसांत त्याचा फोन आला. पार्टी सापडली होती. आरमोरीकडची एक नर्स, जंगलातल्या उपकेंद्रात ड्युटी, स्कूटीवर जाते. त्या रस्त्याला वाघाचा वावर आहे. नवऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो, म्हणून तो तिच्यासाठी लहानशी गाडी शोधतो आहे. फक्त दोघांची ऐपत कमी, आणि कागद मयताच्या नावावर असल्यामुळे वरचा खर्चही येणार. म्हणून त्याने सांगितलेला भाव त्या यंत्रवाल्याच्या निम्म्या भावापेक्षाही खाली होता. मला तो ऐकूसुद्धा आला नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती नर्स होती आणि तिची वाट बघणारा तिचा नवरा होता.

मुलगी फोनवर खूप चिडली. आई, ती गाडी आहे, बैल नाही, म्हणाली. मी म्हटलं, तुझ्या वेळीही आम्ही घरच पाहिलं होतं, भाव पाहिला असता तर तू आज कुठे असतीस. ती हसली आणि मग तुझं तू बघ म्हणून फोन ठेवला.

तरी मी अगदीच भोळी नव्हते. घेणाऱ्या बाईशी बोलायचंय असं मी त्याला सांगितलं. सह्या घ्यायला आला तेव्हा त्याने लगेच फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून एका बाईचा मऊ आवाज आला.

"काकू, मी लय जपून चालवीन. तुमी काळजी करू नका."

तो आवाज कोणाचा होता ते मला अजूनही माहीत नाही.

वारस म्हणून त्याने जिथे जिथे बोट ठेवलं तिथे तिथे मी सही केली. गाडी न्यायच्या दिवशी बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, नारळ फोडला. त्या नर्सची ओटी भरावी असंही मनात आलं. विधवेच्या हातची ओटी चालत नाही म्हणतात, म्हणून शेजारणीला बोलावलं आणि तिच्या हातून खण, तांदूळ, नारळ पिशवीत घालून त्या माणसाजवळ दिले. त्याने पिशवी दोन्ही हातांनी घेतली. गाडी गल्लीच्या वळणावर गेली आणि मला रडू आलं, पण ते चांगलं रडू होतं. ह्यांना आवडलं असतं असं काहीतरी आपल्या हातून झालं, या समाधानात मी कितीतरी दिवस होते. फाटक उघडल्यावर रिकामं अंगण दिसलं की मी मनात म्हणायची, पोचली असेल ड्युटीवर.

पुढे हिवाळ्यात कुटुंब पेन्शनच्या कामासाठी चंद्रपूरला गेले. काम झाल्यावर बस स्टँडकडे ऑटोने निघाले होते. रस्त्याच्या कडेला जुन्या गाड्यांचा एक मोठा अड्डा लागला. गाड्या ओळीने उभ्या, वर झिरमिळ्या लावलेल्या. पहिल्याच ओळीत आमची गाडी. स्वतःच्या माणसाची पाठ गर्दीत ओळखू यावी तशी मला ती आधी ओळखू आली, नंबर मी नंतर वाचला. समोरच्या काचेवर खडूने भाव लिहिला होता. मला मिळालेल्या पैशांच्या तो दुप्पट होता.

ऑटो थांबवून मी उतरले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वाघ माझाच होता. जंगलातला रस्ता माझा, स्कूटी म्हणजे माझी मोपेड, आणि जीव टांगणीला लागलेला नवरा तो माझाच नवरा. पोहे खाता खाता जे मी त्या माणसाला दिलं होतं तेच त्याने दोन दिवसांनी मला विकलं, आणि मी गाडी देऊन ते विकत घेतलं. आरमोरीकडे कोणी नर्स नव्हती. पैशांचं मला तेव्हा सुचलंच नाही. इतके दिवस मनात जे घर थाटलं होतं ते उभ्या उभ्या बसलं, याचंच वाईट वाटलं. मग त्या वाईट वाटण्याचा राग झाला. आयुष्यभर वर्गावर ओरडलेली बाई आहे मी. त्या माणसाला त्याच्या गिऱ्हाइकांसमोर उभा-आडवा घ्यायचा ठरवून मी आत शिरले.

तो तिथे नव्हता. टाय लावलेला दुसराच एक जण पुढे आला. मी गाडीपाशी उभी होते म्हणून त्याला वाटलं मी गिऱ्हाईक. मी तोंड उघडायच्या आत त्याने ह्यांच्या बाजूचं दार उघडून धरलं. आतून कसल्याशा अत्तराचा वास आला.

"सिंगल ओनर हाये मॅडम," तो म्हणाला. "फॉरेस्टचे साहेब होते. एवढी हळू चालवत, का चाळीसच्या वर कधी गेलीच नसंल."

हे खरं होतं. त्याला ते कोणी सांगितलं असेल तेही मला कळलं. शिव्या तोंडात तयार होत्या, पण बाहेर आलं ते वेगळंच.

"मग विकली काऊन साहेबानं?"

मेलेल्या माणसाची गाडी आपल्याकडे कोणी सुखासुखी घेत नाही. धंदा करणाऱ्याला ते ठाऊक असतंच.

"मोठी गाडी घेतली ना त्याईनं," तो सहज म्हणाला. "मग हे उभी ठेवून काय करतीन?"

मी दाराला धरून उभी होते. हा खोटं बोलतो आहे हे जगात माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि तरी त्याने थांबू नये असं मला वाटत होतं. मी विचारलं, साहेब बरे आहेत का. एकदम मजेत, तो म्हणाला, परवाच नवी गाडी घेऊन इकडून गेले, थांबून चहा घेतला, या गाडीची लय आठवण येते म्हणत होते. गिऱ्हाईक गुंतलं हे पाहून त्याला जोर चढला होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत मी कोण ते.

"एकटेच होते?" मी विचारलं.

"नाई, एकटे कायले? बाई होत्या ना संगं. समोर बसून होत्या, हासून राह्यल्या होत्या."

मी भांडायला आले होते. पण आता त्याला खोटं पाडायचं म्हणजे ते मेले हे माझ्या तोंडाने सांगायचं, आणि त्यांच्या शेजारी हसत बसलेल्या त्या बाईलाही खाली उतरवायचं. माझ्याच्याने ते झालं नाही. विचार करून सांगते म्हणाले, बाहेर आले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहून खूप रडले.