डागी असंल ती मला दे

आईनं पहिली स्ट्रॉबेरी खाल्ली ती सत्तरीत, नांदेडला दवाखान्यातून माझ्या घरी परतताना. अन्ननलिकेचा कॅन्सर होता. डॉक्टर म्हणाले होते, "आता मागतील ते द्या." याचा अर्थ न कळायला आम्ही काही दूधखुळे नव्हतो. पण आई काही मागतच नव्हती. रेडिएशनचे शेक दिल्यापासून तिच्या तोंडाची चवच गेली होती. वाटेत एका गाड्यावरची लालभडक फळं बघून तिनं विचारलं, "ही कसली गं बोरं?" मी ऑटो थांबवला, एक फळ तिच्या हातात दिलं. ती बराच वेळ चोखत राहिली आणि एकदम म्हणाली, "आंबट लागालंय की गं!" दोन महिन्यांत पहिल्यांदा तिला कशाची तरी चव लागली होती. मी ऑटोतच रडले.

एक डबा घेतला. घरी आल्या आल्या द्राक्षं धुतो तशा मिठाच्या पाण्यात धुतल्या, देठं खुडली, स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवल्या. मोठी हुशार ना मी! तिसऱ्या दिवशी उघडलं तर नुसती पांढरी बुरशी. तशीच गाड्यावर गेले, भांडायलाच. गाडेवाले चाचा हसले. "धो के नक्को रखो, बेटी. डंठल भी नक्को तोडो. सुखे कपडे पे एकेक अलग रखो, ढक्कन जरा ढीला." माल संपत आलाय, हा शेवटचाच डबा, असंही म्हणाले.

या वेळी आईच्याच जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा अंथरला. एकीला दुसरी लागणार नाही अशा मांडल्या. रोज सकाळी बघायचं, कापड ओलसर वाटलं तर बदलायचं, नरम पडलेली बाहेर काढायची. दोन दिवस झाले तरी टवटवीत! मी डबा घेऊन आईपुढं गेले आणि फुशारकीनं म्हणाले, "बघ माय, आठ-दहा दिवस काही होत नाही यांना."

तिथंच माती खाल्ली मी.

"धा दिस टिकतेत? मंग ऱ्हाऊ दे. धाकटा येईस्तोर ठेव."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. पुण्याला असतो. रविवारी येतो म्हणाला होता. आमच्या घरी साय त्याची, पाडाचा पहिला आंबा त्याचा. ते जाऊ दे, पण आता? "अगं, तो पुण्यात रोज खात असंल! तू खा."

"डागी असंल ती मला दे. चांगली ऱ्हाऊ दे."

आणि मी अशा काही सांभाळल्या होत्या की डागी एकही निघेना. काय करणार? फ्रिजच्या दाराआड उभी राहून मी चांगल्या फळावर अंगठा दाबायची आणि म्हणायची, "माय, ही नासली बघ." ती खायची. चवीनं खायची. तीन दिवस हे चाललं.

रविवारी भावाचा फोन आला, "सुट्टी नाही गं ताई. पुढच्या रविवारी नक्की." मी नाही नाही ते बोलले त्याला. पण आपलेच दात, आपलेच ओठ.

मंगळवारी आईनं फळ बोटांत फिरवून बघितलं. लोहा तालुक्यातल्या शेतात उभा जन्म काढलेली बाई ती. "ही नासलेली न्हाई. दाबलेली हाय." मी अंगठा मुठीत लपवला. "लेकराच्या वाटचं मला चारालीस व्हय?"

"मी लेकरू न्हाई का तुझं? माझ्यासाठी खा की!" मी ओरडलेच.

तिनं फळ ताटलीत ठेवलं. "आता डागी बी नगं मला," म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. हात जोडले, रडले, शपथा घातल्या, पण तिनं तोंड उघडलं नाही. गुरुवारपासून तर पाण्याचा चमचाही घशाखाली उतरेना.

रविवारी तो आला. आईला बोलता येत नव्हतं. त्याला बघितलं आणि तिनं फ्रिजकडं बोट केलं. मी डबा आणून दिला.

"ताई, किती ताज्या ठेवल्यास गं," तो म्हणाला. आई माझ्याकडं बघून हसली. शाबास म्हटल्यासारखं हसली. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

त्यानं एक तिच्या ओठांना लावली. ओठ मिटलेलेच राहिले. तिनं हातानं खूण केली, तू खा. सात उरल्या होत्या. ती खुणावत राहिली आणि रडत रडत सातही त्यानं खाल्ल्या. एकही डागी निघाली नाही.