पाकिटावरचं आडनाव

"तुझ्या आईचं नाव नको टाकूस," माझ्या गटातली ऋता म्हणाली. "आडनावावरून कळतं गं. खायची वस्तू आहे, लोक विचार करतात."

ठाण्यातल्या कॉलेजातला एमबीएचा वर्ग. ऑनलाइन व्यापार हा विषय सर पुस्तकातून शिकवत नसत. चौघांच्या गटाने खरं दुकान काढायचं, खरा माल विकायचा, त्यावर मार्क. आमच्या गटात माल फक्त माझ्याकडे होता. माझी आई मोहने गावात डंकावर, म्हणजे मिरची कुटायच्या यंत्रावर, मसाला कुटते. तिच्या मसाल्याचा वास सगळ्यांना आवडला. जात तेवढी आवडली नाही.

मी सरांकडे पाहिलं. वाटलं, ते तरी बोलतील.

"मार्केट जसं आहे तसं शिकायचं," ते म्हणाले. "पर्सनली घेऊ नकोस."

नाही घेतलं. सांगायला लाज वाटते, पण 'आईच्या हातचा मसाला' असं लिहून त्यावर ऋताच्या आईचा फोटो मीच चढवला. काठपदराची साडी, मागे कोलशेतच्या फ्लॅटमधलं लख्ख स्वयंपाकघर.

घरी आईने दुकान बघायला फोन मागितला. नुकतीच डंकावरून आलेली. डोळे लाल, बोटं मिरचीने चुरचुरत होती. तिने फोटो मोठा करून पाहिला.

"ह्या कोण गं?"

"मॉडेल आहे."

"चांगल्या दिसतात." मग म्हणाली, "ह्यांना ठसका नाय लागत वाटतं."

हसली. फोन पदराला पुसून परत दिला. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

शेवटच्या सादरीकरणाला आमचं दुकान पडद्यावर होतं. ऋता बोलत होती, लॅपटॉप माझ्याकडे. मी तो फोटो काढून टाकला. तोंडाला फडकं बांधून कुटणारी माझी आई लावली. खाली तिचं पूर्ण नाव. आडनावासकट.

सर म्हणाले, असं ऐनवेळी बदललंत तर सगळ्यांचे मार्क जातील.

"माझे कापा," मी म्हणाले. "मसाला माझ्या आईचा आहे."

कापले. गटातल्या तिघांनी बोलणं टाकलं.

आईने त्या बाईबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही. तिला त्याच दिवशी सगळं कळलं होतं, हे मला आता कळतंय, आणि सोसवत नाही. 'मॉडेल आहे' हे माझ्या तोंडून गेलेलं परत घेता येत नाही.

दुकान मी चालू ठेवलंय. आडनाव पाकिटावर सगळ्यात ठळक आहे. ते वाचून ज्याला पाकीट परत करायचंय त्याने करावं. मी ते पुसणार नाही.