ताईच्या मानेवरचा धूमकेतू

दादाचा कॅमेरा आखातात नोकरीला असलेल्या काकांनी आणला होता. लहान, चपटा, शर्टाच्या खिशात जेमतेम मावणारा. लेन्स पक्की बसवलेली, बदलायची सोय नाही. लांबचं जवळ आणता येत नव्हतं. पण एक गोष्ट त्याला येत होती: बटण दाबून धरलं की सोडेपर्यंत पडदा उघडा राहायचा. तेवढ्यावर माझ्या मोठ्या भावानं तारे टिपायला घेतले आणि पुढची पाच-सहा वर्षं आमच्या घरातली प्रत्येक सुट्टी त्या कॅमेऱ्याच्या मागे गेली.

आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथल्या आकाशाला अंधार नव्हता. एका बाजूला यार्डातले दिवे, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राचा उजेड. म्हणून बाहेर जायचं. तापीकाठी, पाल गावाच्या बाजूला सातपुड्याच्या पायथ्याशी, आणि सर्वांत जास्त वेळा मुक्ताईनगरच्या पुढे मामांच्या गावी, त्यांच्या घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर. सामान काढायचं काम माझं. कॅमेरा, बटणाला लावायची तार, कॅमेरा टेकवायला वाळूची पिशवी, लाल कागद लावलेली बॅटरी, डासांचं मलम, चादरी. काही विसरलं तर शिव्या मला, फोटो चांगला आला तर नाव दादाचं. मुलीनं रात्री उघड्यावर बसायचं तर सोबत मोठं कोणी हवं, म्हणून आई ताईलाही पाठवायची. ताईला ताऱ्यांचं काही नव्हतं. ती चादर डोक्यावरून घेऊन झोपून जायची.

रोल वापरायची दादाची एक पद्धत होती. तारे टिपायला वेगवान रोल लागे, दिवसाच्या फोटोंना साधा. कॅमेरा एकच. म्हणून अर्धा वापरलेला रोल तो मधेच गुंडाळून बाहेर काढायचा, पण पुरता नाही. कॅमेरा कानाशी धरून हळूहळू गुंडाळायचं, आत पट्टी सुटल्याचा आवाज आला की थांबायचं, म्हणजे पट्टीचं टोक डबीच्या बाहेर राहतं. पुढे तोच रोल पुन्हा भरायचा, लेन्सवर हात ठेवून वापरलेल्या फ्रेमा रिकाम्या मारायच्या आणि तिथून पुढे चालू. यात धोका इतकाच, की असा अर्धा रोल आणि कोरा रोल दिसायला सारखेच. म्हणून अर्ध्या रोलच्या डबीवर मी चिकटपट्टी लावून लिहीत असे: कशाचे फोटो, किती झाले.

नव्वदीच्या दशकात तो मोठा धूमकेतू आला, रोज संध्याकाळी वायव्येला दिसायचा, त्या वर्षी आम्ही तिघं मामांकडे गेलो. दादानं दोन रात्री धाब्यावर धूमकेतू टिपला. तिसऱ्या दिवशी त्याला दुसरंही एक काम होतं. ताईचा फोटो काढायचा होता.

ताईचं लग्न जमत नव्हतं. ती सावळी होती, आणि दोन ठिकाणांहून तेवढ्यावरून नकार आला होता. तिसऱ्या ठिकाणच्या बाईंनी तर तिच्या हातचे पोहे खाता खाता तिच्यासमोरच म्हटलं होतं, "फोटोत बरी दिसत होती." आता धुळ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा इंजिनिअर. पण ताईला त्यात वेगळंच काही महत्त्वाचं वाटत होतं. तिनं डीएड केलं होतं, भुसावळला तात्पुरती शिकवत होती, आणि लग्नानंतर नोकरी करू देऊ असं म्हणणारं हे पहिलंच घर होतं. धुळ्यात मुलींच्या एका शाळेत जागाही निघणार होती. आजवर कुठल्याच स्थळाबद्दल चकार शब्द न काढलेली ताई या वेळी आईला म्हणाली होती, "हे जमू दे."

मामींची गडद जांभळी साडी नेसवून ताईला अंगणातल्या कडुनिंबाखाली उभं केलं.

"उन्हात ये ना जरा," मामी म्हणाल्या, "उजळ तरी दिसेल."

"उन्हात काळी माणसं भाजल्यासारखी येतात," दादा म्हणाला. "सावलीतच काढतो. ताई, दात दाखवू नकोस."

ताईनं तोंड मिटलं. सावलीला साधा रोल चालेना, म्हणून दादानं पिशवीतून वेगवान रोल काढून भरला.

मी विचारलं, "हा कोराच आहे ना? चिकटपट्टी कुठंय त्या दुसऱ्याची?"

"काढून टाकली मी. कॅमेऱ्यात अडकते. मला कळतं कुठला कुठला ते."

परत येताना जळगावला उतरून त्यानं रोल स्टुडिओत टाकला, ताईचा अमुक फोटो मोठा करायला सांगितला आणि पावती आबांकडे दिली. आबा म्हणजे नानांचे, आमच्या वडिलांचे, लांबचे भाऊ. ते जळगावातच राहायचे आणि हे स्थळ त्यांनीच आणलेलं. दोन दिवसांनी ते धुळ्याला निघणार होते. त्यांनी स्टुडिओतून बंद पाकीट उचललं आणि तसंच्या तसं धुळ्याला पोचतं केलं. दुसऱ्याच्या मुलीचा फोटो आपण उघडून बघू नये, एवढे ते सभ्य होते.

पुढच्या आठवड्यात आबा आमच्याकडे आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"नाना, मुलीला कोड आहे हे मला आधी सांगायला हवं होतं. माझं तोंड काय राहिलं तिथं?"

आई स्वयंपाकघरातून हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली. "कोड? कुणाला?"

"मानेवर. फोटोत धडधडीत दिसतंय. कानाखालून खांद्यापर्यंत."

नानांनी आबांना उलट काही विचारलं नाही. ते ताईकडे वळले आणि म्हणाले, "इकडे ये. मान दाखव."

पंचवीस वर्षं ती त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तरी त्यांनी चष्मा लावला, तिची वेणी बाजूला केली आणि दाराच्या उजेडात आधी एक बाजू, मग दुसरी बाजू बघितली. आबाही उठून बघायला आले. ताई छताकडे बघत उभी राहिली.

"काही नाही," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका होती, म्हणजे तोवर शंका होती.

दादा त्याच दिवशी जळगावला जाऊन निगेटिव्ह आणि बाकीचे फोटो घेऊन आला. ताईच्या फोटोची आणखी एक प्रत खिडकीत धरून आम्ही सगळ्यांनी बघितली. कडुनिंबाखाली ताई, तोंड मिटून. तिच्या केसांत पांढरे ठिपके, जांभळ्या साडीवर पांढरे ठिपके, आणि सावळ्या मानेवर कानाखालून निघून खांद्याकडे पसरत गेलेला एक पांढरट फराटा. धूमकेतूचाच रोल त्यानं पुन्हा भरला होता. एका फ्रेमवर दुसरी जाऊन बसली होती.

मग दादा म्हणाला, "काय शेपटी आलीय बघा."

आईनं त्याच्या हातातून फोटो ओढला. "चूल पेटवीन मी तुझ्या शेपटीनं!"

आबा समजूतदार होते. त्यांना निगेटिव्ह दाखवलं, पद्धत सांगितली, आणि ते म्हणाले, "एवढंच ना? मग त्यांना बोलावू. मुलगी समोर बघतील, हा सगळं सांगेल, विषय मिटला." नानांनी दादाला बजावलं, "लांबण लावू नकोस. माझ्या हातून चूक झाली, एवढं एक वाक्य बोलायचं."

"बोलतो," दादा म्हणाला.

धुळ्याहून तिघं आली. मुलगा, त्याची आई आणि आजी. मुलाच्या आईचं बोलणं शहरी, आजी मात्र पक्की खानदेशी. पोहे झाले, चहा झाला. नानांनी फोटोचा विषय काढला आणि दादाकडे बघितलं. तेवढ्यात मुलानंच टेबलावरचा फोटो उचलला. त्याला खरोखरच नवल वाटत होतं.

"हे तारेच आहेत ना? कमाल आहे. कसं केलंत हो तुम्ही?"

आमच्या घरात दादाला हे कोणी कधी विचारलं नव्हतं. तो ताठ बसला.

"दोन चित्रं एकावर एक घेतलीयत," तो म्हणाला. "प्रयोग आहे माझा."

"म्हणजे मुद्दाम?"

"अर्थात. असं चुकून थोडंच येतं?"

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली. "मुद्दाम? लग्नासाठी द्यायच्या फोटोवर? आणि नेमकं मानेवरच?"

मी दाराशी उभी होते. मी म्हणाले, "मुद्दाम नाही हो, चूक झाली. त्यानं डबीवरची चिकटपट्टी काढली म्हणून..."

"तू गप्प बस गं, तुला काय कळतं त्यातलं?" दादा म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. "भाऊ एक सांगतो, बहीण दुसरंच. एका घरात दोन गोष्टी."

आजी तोवर काही बोलल्या नव्हत्या. त्या सुनेला म्हणाल्या, "काय झाकानं शे यासले? बठ्ठं देखनं पडी."

सगळं बघावं लागेल, याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही. आईनं नानांकडे बघितलं, नानांनी जमिनीकडे. आबा खाकरले आणि म्हणाले, "शंका राहण्यापेक्षा बघून घेतलेलं बरं." दादा एव्हाना तरी तोंड उघडेल असं मला वाटलं. त्यानं फोटो उलटा करून टेबलावर ठेवला.

ताई आपणहून उठली आणि मधल्या खोलीत गेली. मागोमाग त्या दोघी. आई निघाली तर बाई म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्ही आई आहात." दार लागलं. लगेच फटीतून हात बाहेर आला. "उजेड नाही इथं. बॅटरी असेल तर द्या." घरात बॅटरी एकच होती. मी तिच्या काचेवरचा लाल कागद फाडला आणि ती दिली.

बाहेरच्या खोलीत काय चाललं होतं तेही सांगते. मुलानं दादाला विचारलं, किती सेकंद उघडा ठेवता. दादानं सांगितलं. जास्त ठेवला तर तारे रेघांसारखे येतात, असं सांगितलं. लेन्स बदलता येत नाही त्याची अडचण होत नाही का, असं मुलानं विचारलं. दादा म्हणाला, उलट बरं असतं, माणूस आहे त्यात भागवायला शिकतो. नानांनी मान हलवली. आतून मधून मधून आवाज येत होता. "वळ." "हात वर." "परकर जरा."

दार उघडलं तेव्हा आजी पुढे होत्या. "बठ्ठं देखी लिधं," त्या नातवाला म्हणाल्या. "पोर साफ शे."

नाना हसले. खरंच हसले. मुलाच्या आईला म्हणाले, "मी म्हणत होतो ना? वहिनी, अजून एक कप चहा?"

ताई शेवटी बाहेर आली. घाईत नेसलेल्या साडीच्या निऱ्या एका बाजूला गेल्या होत्या. ती कोणाकडे न बघता मुलाच्या आईला म्हणाली, "नोकरीचं काय?"

"ते बोलल्याप्रमाणेच," बाई म्हणाल्या. "आम्ही शब्द फिरवत नाही."

"मग माझी हरकत नाही," ताई म्हणाली, आणि वाकून दोघींच्या पाया पडली.

पाहुणे गेल्यावर दादा ताईला म्हणाला, "बघ, शेवटी मुलाला फोटोच आवडला." ती खरकट्या बश्या गोळा करत होती. एक बशी तिनं त्याच्या पायाशी सोडली. फुटली. मग तिनंच केरसुणी आणून तुकडे भरले, कारण दादा अनवाणी होता.

रात्री आई तिच्याजवळ बसली. "झालं ना शेवटी मनासारखं? काय झिजलं तुझं?"

"काही नाही," ताई म्हणाली. "दिवा घालव."

लग्न झालं. बाईंनी खरोखरच शब्द फिरवला नाही. ताईला त्या शाळेत जागा मिळाली, ती कायम झाली, दोन मुलं झाली, तिनं नोकरी एक दिवस सोडली नाही. सासूशी तिचं चांगलं जमलं. नवरा साधा माणूस, तिच्या शब्दाबाहेर नाही. नातेवाइकांत ताईचं उदाहरण देतात. दादा अजून प्रयोगच म्हणतो, आणि आता त्याला ते खरंच तसं वाटतं.

तीन-चार वर्षांनी तिच्या धाकट्या दिरासाठी मुली बघणं सुरू झालं. मी तेव्हा धुळ्याला तिच्याकडे गेले होते. त्याच सकाळी ती आणि सासू साक्रीकडची एक मुलगी बघून आल्या होत्या. ताई भाजी निवडता निवडता सांगत होती. मुलगी शिकलेली आहे, घर बरं आहे, उंची थोडी कमी.

"आणि आत नेऊन बघून घेतली," ती म्हणाली.

मला आधी कळलं नाही. "काय बघून घेतलं?"

"अंगावर काही नाही ना ते. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, मग मीच गेले."

"ताई, तू?"

तिनं माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत राग नव्हता, लाजही नव्हती. एखाद्या कामाचं कोणी उगीच कौतुक करावं तसं काहीतरी होतं.

"मग दुसरं कोण जाणार? मला माहीत आहे ना, कुठं कुठं बघायचं असतं. आजी पाठ बघायला विसरल्या होत्या माझी. मी नाही विसरले."

"रडली का गं ती?"

"थोडी. मी सांगितलं तिला, लवकर आटपते, हलू नकोस."

ते लग्न जमलं. मुलगी ताईची जाऊ झाली, त्याच घरात राहते, वरच्या मजल्यावर. सणावारी सगळ्यांत मिळून मिसळून असते. ताईशी मात्र कामापुरतंच बोलते, आणि ताई खोलीत आली की पदर नीट ओढून घेते. ताईला याचं नवल वाटतं. "इतकं करते मी तिच्यासाठी," ती मला दर वेळी सांगते, "पण ही पोरगी काही जवळ येत नाही."