चांगुणा मावशी आणि मधलं दार

चांगुणा मावशी माणसाचा वास घ्यायची. अगदी खांद्याजवळ नाक नेऊन. घणसोली गावात आम्ही तिच्याकडे खोली बघायला गेलो, तेव्हा भाडं, पाणी, संडास यातलं काहीही बोलायच्या आधी तिने माझा पदर हातात धरला, हुंगला आणि म्हणाली, "कंपनीचा वास हाय. तुज्या मानसाचा का?" आमचे हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रसायनाच्या कारखान्यात होते आणि त्यांच्या कपड्यांचा वास माझ्या ट्रंकेतल्या साड्यांनाही लागला होता. मी लाजेने अर्धी झाले. मावशी म्हणाली, "लाजतस कनाला? वास हाय म्हंजे घर हाय. ज्याला वास नाय त्याला कोन वलखनार?"

खोली मिळाली. आम्ही चिपळूणची माणसं, स्वच्छतेचा आम्हाला भारी तोरा. मावशीकडे सात मांजरं आहेत हे कळल्यावर मी यांना म्हटलं, वर्षभर काढू कसंबसं. वर्षाची अडीच वर्षं झाली.

मावशी तेव्हा साठीच्या आसपास असेल. काळी, काटक, गुडघ्याच्या वर खोचलेलं लुगडं आणि दात मिसरीने काळे. तिची भातशेती नव्या शहरासाठी सरकारने घेतली होती. दोन्ही मुलं कंत्राटदाराकडे हमालीला जात. घरात भाताची मोठी कणगी होती, पण आत भात नव्हता, जुनी गोणपाटं होती. मांजरं मात्र त्या कणगीच्या राखणीसाठी म्हणून पिढ्यान्‌पिढ्या होती तशीच राहिली होती. मी एकदा शहाणपणाने विचारलं, की मावशी, आता भात नाही तर इतकी मांजरं कशाला? ती म्हणाली, "सरकारनं शेत नेलं, उंदीर ठेवलं. आनि मांजरांना कोन सांगल, शेत गेलं म्हनून? तू सांगतस?"

मांजरांत थोरली नावाची म्हातारी मांजरी मुख्य. तिने पंजा उगारला की बाकीची ताटलीवरून उठत. आणि सगळ्यांत खालची कवडी. पांढरी, पाठीवर करडे ठिपके, मुळातच भित्री. थंडीच्या दिवसांत ही कवडी आजारी पडली. खाईना, नाकातून पाणी, डोळे चिकटलेले. मावशीने तिला माशांच्या पाटीत घातलं, वर दुसरी पाटी बांधली आणि बसने ठाण्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. गावभर हसं झालं. कंडक्टरने म्हणे विचारलं, आजी, काय विकायला चाललात? चार दिवस तिला तिथेच ठेवून घेतलं. मावशी रोज एक वेळ जाऊन बघून येई. स्वतःच्या तापाला तिने कधी गोळी घेतली नव्हती.

कवडी बरी होऊन आली आणि खरा गोंधळ सुरू झाला. पाटी सोडली, कवडी बाहेर आली, तर थोरली पाठीची कमान करून फिसकारली. तिचं बघून बाकीची पाचही. ज्यांच्या अंगावर ती कालपर्यंत झोपत होती, ती तिला ओळखेनात. कवडी भिंतीला चिकटून थरथरत होती आणि तिथेच मुतली. मावशीने तिला उचलून लुगड्यात धरलं.

"दवाखान्याचा वास लागलाय तिला," ती म्हणाली. "थोरलीला वाटतं, दुसरीच कोन आली."

आमची खोली आणि मावशीचं घर यांच्यामध्ये एक दार होतं. त्याची कडी मावशीच्या बाजूला. ती मला म्हणाली, "बाय, धा-बारा दिस हिला तुज्याकडं ठेव. मी दार हलू हलू उगडीन." मला नको होतं. पण घरमालकिणीला नाही कसं म्हणणार? ठेवली.

मग मी जे पाहिलं ते आजही मला नीट सांगता येतं. मावशीने जुन्या लुगड्याचे दोन तुकडे फाडले. एक तुकडा ती रोज थोरलीच्या आणि बाकीच्यांच्या गालांवरून, मानेवरून फिरवी आणि माझ्याकडे कवडीच्या अंगाखाली अंथरी. कवडीच्या अंगाखालचा दुसरा तुकडा तिकडे ताटलीशेजारी ठेवी. सुकटीचं ताट दाराच्या दोन्ही बाजूंना, आधी चार हात लांब, रोज वीतभर जवळ. तीन दिवस दार बंदच. मग बोटभर उघडं, मधे पाटा लावून. मग चार बोटं. कुणी फिसकारलं की ताट पुन्हा लांब. रागावणं नाही, आवाज नाही. मुलांवर ओरडताना जिचा गळा अर्ध्या गावाला ऐकू जाई, ती त्या दारापाशी कुजबुजत बोले.

"मावशी, सरळ सोडा ना तिला. भांडतील नि गप्प होतील," मी म्हणाले.

"घाई मानसाला असते. वास बसाला वेल लागतो," ती म्हणाली. "नव्या सुनंला पन वरीस लागतं, ही तर चार पायांची हाय."

नवव्या दिवशी थोरली फटीशी बसून जेवली. पलीकडे कवडी. मधे फक्त चार बोटं. थोरलीने नाक पुढे केलं, हुंगलं आणि काही न करता पुन्हा खायला लागली. मावशी माझ्याकडे बघून हसली, तोंडावर पदर धरून. "उद्या सकाली उगडू पुरता," ती म्हणाली.

आता माझं ऐका. त्याच दिवशी दुपारी सासूबाई चिपळूणहून यायच्या होत्या. आमच्याकडे दवाखान्यातून आलेलं माणूस आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मला स्वतःला मुंबईत टायफॉइड झाला आणि दवाखान्यातून चिपळूणला नेलं, तेव्हाही मागच्या दारी कढत पाणी आधी आणि घर नंतर. आणि इथे दवाखान्यातून आलेलं मांजर नऊ दिवस बिनआंघोळीचं माझ्या खोलीत होतं. सासूबाई काय म्हणतील, हे एक. आणि दुसरं, खरं सांगते, मला वाटलं, उद्या बिचारी आपल्या माणसांत जाणार, स्वच्छ होऊन जाऊ दे. मी बादलीत कोमट पाणी काढलं, त्यात टोपणभर जंतुनाशक ओतलं आणि कवडीला साबण लावून चांगली खळखळून धुतली. तिने मला ओरबाडलं. मी तिला टॉवेलने कोरडी केली, वर थोडी पावडरही लावली. तिच्याखालचं ते मळकं फडकंही धुऊन वाळत टाकलं. मला फार समाधान वाटलं होतं.

सकाळी मावशीने तिच्या बाजूची कडी काढली. थोरली शेपूट उभी करून आत आली, कवडीजवळ गेली, हुंगलं आणि तिने जो पंजा मारला, त्यात कवडीचा कान फाटला. मागून बाकीची तुटून पडली. मावशी मधे हात घालून त्यांना ओढत होती, तिच्या मनगटातून रक्त येत होतं. सगळी तिकडे हाकलून दार लावलं, तेव्हा कवडी माझ्या कपाटामागे शिरली होती. मावशीने तिला बाहेर ओढलं, उराशी धरलं आणि तिची पाठ हुंगली.

"आंघोल घातलीस?"

"हो मावशी. दवाखान्यातून आलेली म्हणून..."

तिने पुन्हा एकदा हुंगलं. मग म्हणाली, "माजे धा दिस धुतलेस, बाय."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नाही दिल्या. आत जाऊन हळद आणली, आधी कवडीच्या कानाला लावली, मग स्वतःच्या मनगटाला. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा पहिल्यापासून. फडकी, ताटं, बोटभर दार. महिनाभर केलं. थोरली पुन्हा फटीशी येऊन बसायला लागली, पण दाराची कडी वाजली की कवडी कपाटामागे जाई आणि दिवसभर खात नसे. एक दिवस मावशीने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "थोरली तयार हाय. आता हीच तयार नाय." मग माझ्याकडे बघून, "हिला आता तुजाच वास हाय. तूच ठेव." सासूबाई तोवर चिपळूणला परत गेल्या होत्या. आंघोळ घातलेलं मांजर बघून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, की मांजर ते मांजरच.

कवडी माझी झाली. सव्वा वर्ष ती माझ्या पायाशी झोपली, कंपनीच्या वासासकट आम्हाला तिने आपलं म्हटलं. आणि मग आम्हाला सोडतीत वाशीला फ्लॅट लागला. तिसरा मजला, मोझॅकच्या फरश्या, बेसिन. मला दिवस गेले होते. सासूबाईंनी पत्रात लिहिलं, बाळंतिणीच्या घरात मांजर नको. यांनाही नकोच होतं. माझं काय मत होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही, कारण मलाही नव्या फरशीवर मांजराचे पाय नको होते.

सामान टेम्पोत चढलं. मावशी कवडीला घेऊन दारात उभी. मी म्हणाले, "घर लागलं की आठ दिवसांत येते तिला न्यायला."

"आठ दिस म्हंजे काय, मांजराला काय ठावं," ती म्हणाली. "तू मना सांग, मी तिला सांगन."

"येते मावशी. नक्की."

मी गेले नाही. आधी बाळंतपण, मग मुलीचा दमा, मग माझी नोकरी. कारणं खरी होती, पण कारणांआड लपणारी मीही खरीच होते. ठाण्याला जाताना बस घणसोलीच्या स्टॉपला थांबे. तेव्हा मी पर्स उघडून त्यात काहीतरी शोधत बसे.

पाच वर्षांनी वाशीच्या बाजारात मंदा भेटली, मावशीची मोठी सून. पाटी पुढ्यात घेऊन सुकट विकत होती. तिनेच हाक मारली. मावशी जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आयनं तुमची खोली कोनाला दिली नाय," मंदा म्हणाली. "कवडी तितंच बसाची, खावाची नाय. मंग आय आपली गोधडी घेऊन तितंच निजाला लागली. तिचे अंगाला कवडीचा वास लागला, तर थोरली पन तिच्याजवल येवाची बंद झाली. इकडं आली की बाकीची मांजरा पलायची."

"आणि कवडी?"

"ती दुसऱ्याच वर्सी गेली. आमी आयला बोललो, आता तरी घरात ये. तर बोलली, ती बाय मांजर न्यावाला येल, तवा तिला सांगाला कोन पायजे ना, मांजर गेली म्हनून. तितंच राहिली. तितंच गेली."

मंदाने मापटं भरून सुकट माझ्या पिशवीत ओतली, वर मूठभर जास्त घातली आणि सहज विचारलं, "तुमी आलाव कनाला नाय?"

त्या विचारण्यात भांडण नव्हतं. तिला कारण खरंच कळत नव्हतं.

"सवडच मिळाली नाही गं," मी म्हणाले. पाच वर्षांत. वाशीहून घणसोली, बसने अर्धा तास.